वारुळावरची खूण

बकुळाच्या ओठाच्या कोपऱ्यात तांबडी माती होती, आणि ती पुसायचं तिला भान नव्हतं. गुणाजी दारातच थबकला. हरताळामुळे फणसवाडीतलं कंपनीचं गोदाम सकाळीच बंद झालं होतं. ट्राम नाही, बस नाही, म्हणून तो गिरगावातून लालबागेपर्यंत पायी आला होता आणि टाचेला आलेल्या फोडाचा विचार करत चाळीचा जिना चढला होता. नवरा अवेळी घरी आलेला पाहून ती आधी हसली. मग तिने घाईने तोंड मिटलं, आणि मिटल्या तोंडात काहीतरी करकरलं. जेवताना दाताखाली खडा यावा तसं. पण खडा आला की माणूस थुंकतं. ती गिळत होती.

"काय गो खातंस?"

"काय नाय."

"दाखव बघू."

"डोहाळे पुरवायचे सोडून झडती कसली घेता?" असं म्हणत तिने पदराखालची मूठ पुढे केली आणि उघडली.

तळहातावर ढेकूळ होतं. लिंबाएवढं, हलकं, आतून पोखरलेलं. पण ते पोखरणंही कुणी मन लावून केलेलं: एकमेकींना वळसा घालून जाणाऱ्या गुळगुळीत नळ्या, आतून सारवून घेतल्यासारख्या. वारुळाची माती. त्याच्या गावाकडे रोयण म्हणतात. गुणाजीला हसू आलं. सातवा महिना. पोटुशीला माती खावीशी वाटते हे का कुणी सांगायला हवं? त्याच्या वेळेला त्याची आई म्हणे चुलीच्या बाजूची भाजकी माती नखाने खरवडून खायची, आणि आजी तिला त्यावरून जन्मभर टोमणे मारायची. हसतच त्याने ढेकूळ उलटं केलं. पलीकडच्या अंगाला लाल फराटा होता.

"कुंकू आहे ते," बकुळा म्हणाली. "साधी माती नाय. पूजलेल्या वारुळाची. बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारी घेऊन बसते, शेजारच्या गंगुबायनी आणून दिली. म्हणाल्या, पहिलं पाचव्यात गेलं ना तुझं, मग ही खा, मूल धरून ठेवते ही. आपल्याकडे नाय का सातेरी? रोयण तीच देवी. तशीच ही."

गुणाजीने ढेकूळ नाकाशी नेलं. कुंकवाला असा वास नसतो. याला अळशीच्या तेलाचा वास येत होता.

"किती खाल्लीस?"

"चणे-फुटाणे आहेत काय ते, मोजून खायला?"

खोली तीच होती. खुंटीवर त्याचाच दुसरा सदरा, फळीवर डबे, खालून पोरांच्या घोषणा, मुंबईसह, मुंबईसह, आणि मधूनच कुणाचा तरी आवाज फाटून हशा. गुणाजीच्या हातात ढेकूळ, आणि हात त्याचा नसल्यासारखा लांब, टोकाशी लोंबणारा. त्या वासाच्या मागे उन्हात वाळलेल्या गवताचा वास होता, आणि त्याच्याही मागे काहीच वास नसलेली एक पांढरी, विषारी भुकटी होती. सोमल. सोमलाला वास नसतो हेच तर त्याचं—

तो कामाला गेला होता ते कुरण भिवंडीच्या पलीकडे होतं. परळच्या तबेल्यांना गवत पुरवणाऱ्या एका शेठचं. नजर जाईल तिथवर गवत आणि गवतात जागोजाग वारुळं, काही कमरेएवढी, काही पुरुषभर उंच, भगव्या कफन्या घालून गोसावी उभे राहावेत तशी. शेठचं म्हणणं होतं की वाळवी उभं गवत खाते, कापून रचलेल्या गंजी आतून पोकळ करते, विळ्यांच्या धारा वारुळावर बोथट होतात, आणि गाडी कुरणात घालावी तर चाक कलंडतं. कंपनी वाळवी मारायची कामं घेई; तिने गुणाजीला दोन गडी देऊन पाठवलं होतं. पावसाळा नुकता सरला होता. काम तसं सोपं. पहारीने वारुळाच्या कुशीत भोक पाडायचं, त्यात भात्याची नळी घालायची आणि सोमलाची भुकटी आत फुंकायची. भाता दाबला की वारूळ श्वास घेई, आणि थोड्या वेळाने दुसरीकडे, हातभर लांब, कधी चार पावलांवर गवतात, जमिनीतून पांढरा उच्छ्वास बाहेर येई. तिथलं भोक ओल्या मातीने लिंपून टाकायचं. पहिल्या दिवशी गुणाजीने वारुळाला कान लावला होता. आत सळसळ होती. वाळक्या पानांवरून कुणी अनवाणी चालावं तशी, खूप माणसांनी, एकाच वेळी. भाता दाबल्यावर ती सळसळ वाढली. मग त्याने कान काढून घेतला.

भरलेल्या वारुळावर लाल खूण करायची, असं कंपनीच्या साहेबाने बजावून ठेवलं होतं. एकच वारूळ दोनदा भरलं जाऊ नये, आणि गुराख्यांनी तिकडे गुरं फिरकू देऊ नयेत. लाल म्हणजे धोका, साहेब म्हणाला होता, हे जगात कुठेही कळतं. साहेब लबाड नव्हता. त्याच्या जगात कळतच असेल. आगीचा बंब लाल, गाडी थांबवायचा दिवा लाल, गोदामातल्या डब्यावरची कवटी लाल. पण रस्त्याकडेच्या दगडाला कुणी शेंदूर फासला की दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे नारळ फुटतो, त्या मुलखात? हे साहेबाला माहीत नसेल. गुणाजीला माहीत होतं. गुणाजीला आईच्या दुधाबरोबर माहीत होतं.

आणि कुरणावरच्या माणसांनी काम अडवलं होतं. भिवा नावाचा त्यांचा म्होरक्या, गुरं राखणारा, डोक्याला फडकं गुंडाळलेला. तो वारुळासमोर बसून राहिला. "आधी मला फोडा, मग त्याला फोडा," म्हणाला. दोन दिवस गडी बिड्या ओढत बसून होते. तिसऱ्या दिवशी गुणाजीने भिवाला न विचारता कडेच्या एका वारुळात सोमल भरला. खूण करायच्या ब्रशाचे केस गळून गेले होते, म्हणून अळशीच्या तेलात कालवलेल्या गेरूत त्याने तीन बोटं बुडवली आणि लिंपलेल्या ओल्या भोकावर ठेवली. बोटं उचलली. खूण गोल उमटली होती, थोडी खाली ओघळलेली. कपाळावर उमटते तशी. गुणाजीचा दुसरा हात आपोआप वर आला होता, छातीपर्यंत, पहिल्या हाताला भेटायला. मागे वळून पाहिलं तर भिवा डोक्याचं फडकं काढून हात जोडून उभा.

"सायेब देव मानतो म्हना की," भिवा म्हणाला.

"मानतो तर. आमच्या गावाकडे हीच देवी."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"मंग तसं सांगायचं. आधी पूजा, मंग अवषद. अवषद देवाला बी लागतंच की."

दोघे गडी तोंडावर हात धरून हसले. एक म्हणाला, "गुणाजीशेट, आता नारळाचे पैसे कंपनीकडून घ्या." गुणाजीही हसला. त्या दिवसापासून कुणी अडवलं नाही. प्रत्येक वारुळावर त्याने स्वतःच्या हाताने टिळा—खूण—लावली, आणि भिवाच्या घरची पोरं पुढे पळत जाऊन पुढचं वारूळ दाखवू लागली.

(सांगायला हवं होतं. — सांगितलं असतं तर काम बंद पडलं असतं. — पडलं असतं, मग? — कंपनीने दुसरा माणूस धाडला असता. — आणि दुसऱ्यानेही लालच खूण केली असती? — लालच. — त्याचा हात छातीपर्यंत वर आला असता?)

"असे काय बघताय?" बकुळा म्हणाली. "द्या इकडे."

दिवाळीनंतर तो पुन्हा एकदा गेला होता, किती वारुळं मेली ते पाहायला. पहिल्याच वारुळापाशी झेंडूच्या वाळलेल्या माळा होत्या, नारळाच्या करवंट्या, हळद. त्याच्या तीन बोटांच्या खुणेवर कुणी पुन्हा कुंकू लावलं होतं, आणि खुणेच्या बरोबर खाली, जिथे सोमल भरून भोक लिंपलं होतं तिथली, माती नखांनी खरवडून खरवडून खळगा पडला होता. नखांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. भिवा वाकून पाया पडला. त्याच्या, गुणाजीच्या. "जागृत झालं वो वारूळ तुमचं," तो म्हणाला. "सून गेली आमची. पोटुशी व्हती. खायची न्हाय, प्यायची न्हाय, नुसती ओकायची. ओकून ओकून गेली. देवीनं जवळ केली तिला. आता पार वाड्याकडनं बाया माती न्यायला येतात." हे तो रडत सांगत होता आणि त्यात एक प्रकारचा मानही होता, घरातलं माणूस देवाने मागून घेतल्याचा. गुणाजीने काय केलं? गुणाजीने पाणी मागितलं. भिवाच्या बायकोने लोटा आणून दिला. पाणी गार होतं. "आनी देऊ?" तिने विचारलं. तो नको म्हणाला. सुनेचं नाव त्याने विचारलं नाही. परतल्यावर साहेबाला सांगितलं की धूळ छातीला सोसत नाही, आणि गोदामात बदली मागून घेतली. उरलेला गेरूचा डबा त्याने चाळीतल्या पोरांना भिंतींवर घोषणा रंगवायला दिला. आता डिलाईल रोडपासून इथवर भिंतीभिंतीवर तो गेरू आहे, हातभर अक्षरांत. वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ एकच लागतो. गुणाजी मान खाली घालून चालतो.

"द्या ना हो," बकुळा म्हणाली, आता जराशी रडवेली. "सगळं मागवून बघितलं, काय म्हणजे काय जात नाय तोंडात. एवढं एक बरं वाटतं. आणि देवीचं आहे. यावेळी तरी..." तिने पोटावर हात ठेवला.

सांग. आत्ता सांग. बकुळे, ही माती विषारी आहे. — तुम्हाला कसं ठाऊक? — पुढचा प्रश्न तिच्या तोंडात तयार होता, त्याला तो दिसत होता, ओठाच्या कोपऱ्यातल्या मातीइतका स्पष्ट. कसं ठाऊक म्हणजे सगळंच. टिळा, पाणी, न विचारलेलं नाव. सातव्या महिन्यातल्या बाईला हे सांगायचं? की या हातांनी एक अशीच, पोटुशी, आणि तेच हात तू रात्री उशाशी—

"थुंक," तो म्हणाला. "मसणातली माती आहे ती."

हे त्याने ठरवलं नव्हतं. वाक्य जिभेवर आयतं येऊन बसलं होतं.

"काय?"

"ही माती येते त्या कुरणाच्या कडेला मसणवट आहे. तिथलं वारूळ हे. मी स्वतः बघून आलोय."

बकुळाचा चेहरा पांढरा पडला. ती मोरीकडे धावली आणि तिला उलटी झाली, भडभडून, तांबूस पाणी. गुणाजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मनात म्हणाला, निघू दे, सगळी निघू दे. त्याला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचं त्याला कळलं, आणि हात पाठीवरच थांबला.

कुडापलीकडून गंगुबाई आली. चाळीत कुडाला कान असतात असं नाही, कूड म्हणजेच कान. "काय झालं गे?" म्हणून तिने बकुळाला धरून बसवलं, आणि बकुळाने हुंदके देत मसण एवढाच शब्द सांगितला.

"गंगुबाई, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊया," गुणाजी म्हणाला.

"दवाखान्यात कशाक?" गंगुबाईने त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "मसणाची माती पोटात गेली, त्याला डॉक्टर काय करणार मेलो? तिला अंगारा लावायला हवा. बीडीडी चाळीत एक बाबा आहे, सांजेक घेऊन जाऊ. आधी त्या मातीवाल्या भवानीला बघते. माझ्या हाताने पाप करवलंन मेलीने." आणि ती गॅलरीतूनच चार दारं ठोठावत खाली उतरली.

गुणाजी उभा राहिला. त्याचं खोटं त्याच्यापुढे उभं होतं, धडधाकट, हातपाय फुटलेलं. विष म्हटलं असतं तर गंगुबाईने बकुळाला उचलून नेलं असतं. मसण म्हटल्यावर डॉक्टरचं दारच बंद झालं होतं. आता अंगारा. आता बाबा. आता संध्याकाळपर्यंत थांबायचं, आणि पोटात सोमल. "मी आलो," तो बकुळाला म्हणाला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "पाणी पी. भरपूर पाणी पी." तिने मान हलवली नाही. तो गंगुबाईमागे जिन्याने धावला. फोड फुटला तेही त्याला समजलं नाही.

बाजार बंद होता. फळ्या लावलेली दुकानं, रस्त्यावर काळे झेंडे, आणि बंद दुकानांच्या रांगेपुढे एकटीच एक म्हातारी गोणपाटावर बसलेली. गवताच्या ट्रकावर बसून ती पहाटे आली असणार आणि हरताळ म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलं नसणार. चाळीतल्या बायकांनी तिला घेरलं होतं. कुणीतरी टोपली लाथाडली होती. ढेकळं रस्त्यावर विखुरलेली, त्यांतल्या काहींवर लाल फराटे.

"पोटुश्या बायकांना मसणातली माती चारतेस?" गंगुबाई म्हणत होती. "करणी करतेस? कुणी सांगितली तुला?"

"मसनातली कशी वो बाय?" म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली. "गाईच्या कुरनातली हाय. देवीची हाय."

"आमच्या गुणाजीने डोळ्यांनी बघितलाय."

"कोन गुनाजी?"

बायका बाजूला सरल्या. म्हातारीने मान वर केली. गुणाजीने तिला ओळखलं, आणि त्याआधी तिने त्याला ओळखलं होतं. पाण्याचा लोटा आणून देणारी. भिवाची बायको.

"ह्यो व्हय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा निवळला. "मंग बरं झालं. ह्यालाच इचारा की. पयला टिळा ह्यानंच लावला. आमचा म्हातारा व्हता तिथं. सायेब, सांगा ह्यांना, ही रखमा खोटं बोलते का. देवी हाय का न्हाय?"

सगळ्या बायका त्याच्याकडे वळल्या. कितीतरी डोळे. एक हो म्हटलं असतं तरी म्हातारी सुटत होती. एक नाही म्हटलं असतं तरी माती संपत होती, आणि म्हातारीला चोपून हाकलल्यावर पुन्हा ती लालबागेत फिरकली नसती. दोन्ही शब्द हलके होते, तोंडात मावणारे. वर खोलीत बकुळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. गुणाजीला वाटलं, आपण आत्ता त्या भात्यासमोर उभे आहोत, आणि कुणीतरी मागून दाबतंय, आणि आतलं सगळं सळसळत बाहेर यायला भोक शोधतंय.

"टिळा नव्हता तो," तो म्हणाला.

"आं?"

"खूण होती. आत विष भरलंय, हात लावू नका, म्हणून. वाळवी मारायला सोमल भरला होता आम्ही. टिळ्याखालीच."

 मग गंगुबाईच्या तोंडून "म्हणजे बकुळाक..." एवढंच आलं आणि ती वळून चाळीकडे पळत सुटली, पदर रस्त्यावर लोळत. तिच्यामागे दुसऱ्या. "हातगाडी बघा कुणीतरी," एक ओरडली, "आज टॅक्सी कसली मिळतेय." एक तरुण बाई मागे राहिली, गटाराशी वाकून घशात बोट घालत होती. तीही मग गेली.

गुणाजी आणि रखमा उरले.

"टिळ्याखाली," रखमा म्हणाली.

"हो."

"वरची माती न्हाय. टिळ्याखालची."

"तिथेच भोक होतं. तिथूनच भरला."

तिने गोणपाटाकडे पाहिलं. हिशेब जुळवणाऱ्या माणसाचं असतं तसं तिचं तोंड अर्धवट उघडं होतं.

"चंपा न्हाय म्हनायची," ती म्हणाली. "दाताला कचकच लागती म्हनायची. गुळात कालवून म्या द्यायची. रोज सकाळी. टिळ्याखालचीच काडायची, ती लई गुनाची म्हनून." तिने आपला उजवा हात उलटा करून पाहिला, नखांकडे. "ओकाय लागली तवा वाईच जास्त दिली."

तुमचा दोष नाही, हे वाक्य गुणाजीच्या घशात आलं. आणि येता येताच त्याने ते ओळखलं. गेले कित्येक महिने फणसवाडीतून येताना-जाताना तो स्वतःला हेच म्हणत आला होता, इतक्या वेळा की त्या वाक्याला त्याच्याच लाळेची चव लागली होती. ते तिला देता येईना.  आतापर्यंत मेलेल्या बाईला नाव नव्हतं आणि ती एकट्या त्याची होती. आता तिला नाव होतं, आणि ओझं अर्धं झालं नव्हतं. आणखी एकीच्या डोक्यावर तेवढंच्या तेवढं चढलं होतं.

रखमा उठली आणि रस्त्यावरची ढेकळं वेचून टोपलीत टाकू लागली, एकेक, फुटलेली सुद्धा, चिमटीत धरून. गुणाजी मदतीला वाकला. तिने टोपली आपल्याकडे ओढली.

"शिवू नको."

"आजी, हे इथेच कुठेतरी—"

"कुठं? गुरं चाटतात मिठासाठी. हितं बी गुरं हायती." तिने शेवटचं ढेकूळ उचललं, गोणपाट झटकून टोपलीवर बांधलं आणि टोपली पोटाशी धरून उभी राहिली. ट्रक संध्याकाळी परतणार होता. तोवर ती कुठे बसणार होती, घरी जाऊन भिवाला काय सांगणार होती, सांगणार होती की नाही, हे विचारायचा हक्क कुठे मिळतो ते गुणाजीला ठाऊक नव्हतं.

चाळीच्या बाजूने हाका येऊ लागल्या. गुणाजी, अरे गुणाजी, लवकर ये. हातगाडीची चाकं खडखडत होती, कुणीतरी घोषणा देणाऱ्या पोरांना वाट द्यायला सांगत होतं. तो जागचा हलला नाही. जायचं तर तिच्याकडे पाठ करावी लागणार होती.

रखमाने त्या दिशेला पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बायको का?"

त्याने मान डोलावली.

"जिती हाय न्हवं," ती म्हणाली. "मंग जा की."